शरीर मागच्या गाडीनं येतं

आमच्या मोटारीनं प्लॅस्टिकचे तीन पिंप उडवले तेव्हा माझे डोळे उघडे होते. हे मी शपथेवर सांगतो, आणि या सगळ्या प्रकरणात मला आजही भीती वाटते ती याच गोष्टीची.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. दुपारचे पावणेदोन. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा मागं पडलं होतं, उंब्रज जवळ येत होतं. रुंदीकरणाच्या कामासाठी लाल-पांढऱ्या पिंपांची रांग लावून वाहतूक एका अंगाला वळवलेली. ऊन लख्ख, रांग लांबूनच दिसत होती. मी ती बघत होतो, पण ‘आता वळ’ हा निरोप डोळ्यांकडून हातांकडं गेलाच नाही. धाड, धाड, धाड असे तीन आवाज झाले. शेजारी झोपलेला भाचा दचकून उठला. मागच्या सीटवर बायकोचा हात पुढं आपटला, दोन बांगड्या फुटल्या आणि मनगटातून रक्त आलं. गाडी थांबली तिथून शंभर पावलांवर उसाची एक रिकामी ट्रॉली उभी होती. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर.

रस्त्याकडेला उतरलो आणि सवयीनं मनगटाकडं पाहिलं. घड्याळ अजून बदललेलं नव्हतं, न्यू जर्सीच्याच वेळेवर होतं. त्यात सव्वाचार वाजले होते. पहाटेचे.

पहाटेचे चार म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी सुपरवायझर म्हणून. रात्री वीज स्वस्त पडायची, म्हणून आमची भट्टी रात्रीच चालायची. चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस साच्यात ओतणारा गडी बाराला हसतखिदळत असतो, दोनला गप्प होतो आणि चारला त्याच्याशी बोललं तर ‘हं’ म्हणतो, पण त्यानं ऐकलेलं काहीच नसतं. चारच्या सुमारास मी मुद्दाम ओळीतून फिरायचो आणि एकेकाला नावानं हाक मारायचो. हाकेला मान वळायला वेळ लागला, की त्याला रसापासून बाजूला करून चहाला पाठवायचो. इतकं कळणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्या पहाटे चारला महामार्गावर गाडी हाकत होता. कारण एकच. बाहेर ऊन होतं.

आधी न्यू जर्सीतलं दूध

खरं तर पाच महिन्यांपूर्वीच मला एक इशारा मिळाला होता.

लेकीचं बाळंतपण होतं, म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं न्यू जर्सीला गेलो. कोल्हापूरकराचा परदेश प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही, तो ताराराणी चौकातच सुरू होतो. निघायच्या आधीचे दोन दिवस भडंग, चटण्या, मेतकूट, डिंकाचे लाडू वजनकाट्यावर चढव-उतरव करण्यात गेले. रात्रीच्या स्लीपर बसनं मुंबई, दिवसभर डोंबिवलीला मेव्हणीकडं पाहुणचार, पुन्हा रात्री विमान. म्हणजे विमानात पाय ठेवण्याआधीच दोन रात्रींची झोप आम्ही घालवून बसलो होतो. विमानात मी तीन सिनेमे पाहिले आणि मिळेल तेव्हा चहा घेतला. तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

तिथं पोचल्यावर पहिल्या रात्री दोन वाजता दोघंही टक्क जागे. पोटात कावळे. तिथले रात्रीचे दोन म्हणजे कोल्हापूरचे सकाळचे साडेअकरा, जेवणाची वेळ जवळ आलेली. लेकीची झोपमोड नको म्हणून स्वयंपाकघरातला दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात आम्ही भडंग खात बसलो. तेव्हा गंमत वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक आणि बाळ झोपले होते, जावई कामावर होता, ही अंघोळीला गेली होती. मी चहासाठी दूध शेगडीवर ठेवलं आणि ‘दोन मिनिटं’ म्हणून सोफ्यावर टेकलो. पुढचं मला आठवतं ते छतावरच्या धुराच्या अलार्मचं किंचाळणं. पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर, बाळ रडतंय, आणि जिन्यातून अख्ख्या इमारतीची माणसं खाली उतरताहेत. अग्निशमन दलाची गाडी आली. चार दिवसांच्या बाळाला दुपट्यात गुंडाळून लेक हिरवळीवर उभी होती, आणि ‘आप्पा, तुम्ही बरे आहात ना?’ असं मलाच विचारत होती. त्या प्रश्नानं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कोल्हापुरात रात्रीचा दीड.

सगळ्यांनी ‘वय झालं, दगदग झाली’ म्हणून विषय संपवला, आणि मीही तो संपू दिला. घोटाळा इथंच झाला. दगदगीवर उपाय म्हणजे विश्रांती, आणि ती घेतली की आपण बरे होतो, असं मी धरून चाललो. जेटलॅग ही दगदग नव्हे, हे कळायला मला उंब्रज गाठावं लागलं.

डोक्यातलं घड्याळ

परत आल्यावर आमच्या घरच्या डॉक्टरांनी एका जुन्या रिपोर्टच्या पाकिटामागं आकृती काढून मला हे समजावलं. डोळ्यांकडून मेंदूत जाणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे २० हजार पेशींचा एक ठिपका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. झोप, भूक, ताप-थंडी, रक्तदाब, पोट साफ होण्याची वेळ, सगळं त्याच्या तालावर चालतं. बाहेर काय वाजलंय हे त्याला एकाच वाटेनं नीट कळतं, डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून.

असं घड्याळ आतच असतं, याचा पहिला सुगावा एका रोपट्यानं दिला. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. पुढं पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांहून सरासरी दहा-बारा मिनिटांनी मोठं असतं. म्हणजे त्याचा कल मुळातच रेंगाळण्याकडं. म्हणून पश्चिमेला, अमेरिकेकडं जाताना दिवस लांबतो तेव्हा ते त्या मानानं लवकर जुळवून घेतं. पूर्वेकडं, म्हणजे अमेरिकेहून घरी येताना, त्याला पुढं ओढावं लागतं आणि ते अडून बसतं. ढोबळ हिशेब असा, की पूर्वेकडं येताना रोज एक तास आणि पश्चिमेकडं जाताना रोज दीड तास ते सरकतं. न्यू जर्सी आणि कोल्हापूर यांच्यात उन्हाळी वेळेप्रमाणं साडेनऊ तासांचा फरक. म्हणजे विमानानं माणूस एका दिवसात आणून टाकला, तरी शरीर आठ-दहा दिवसांनी पोचतं. ते मागच्या गाडीनं येतं. मधल्या काळात घरात जो माणूस चहा पितोय, बोलतोय, तो पूर्ण आलेला नाही, हे घरच्यांनी आणि मुख्य म्हणजे त्यानं स्वतः लक्षात ठेवावं.

आपले ‘चार’ कुठं पडतात?

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकलो असेन तर ही. प्रवासाला निघण्याआधी आपले पहाटेचे चार कुठं पडतात, ते कागदावर मांडा.

रोज आपोआप जाग येण्याच्या दोनेक तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. तो आपला तळ. मी सहाला उठणारा, माझा तळ चारला. तालमीतली पोरं चारला उठून जोर मारतात, त्यांचा तळ दोनला. तळाच्या आजूबाजूच्या दोन-तीन तासांत माणूस कितीही कामाचा असो, त्याचा हात आणि डोकं एकमेकांना विचारेनासे होतात. विमान वाहतुकीच्या नियमांतही पहाटे दोन ते सहा ही वेळ वैमानिकांसाठी धोक्याची म्हणून वेगळी धरलेली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या धावपट्टीपलीकडं दरीत गेलं आणि १५८ माणसं गेली. वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपला होता आणि उठल्यावर त्या झोपेचा अंमल त्याच्या निर्णयांवर होता, असं चौकशीत पुढं आलं. रोजचं काम असणाऱ्याची ही गत, मग पाच वर्षांतून एकदा विमानात बसणाऱ्या आपली काय कथा?

आता माझाच हिशेब मांडतो. पाच-साडेपाच महिने तिकडं राहून माझं घड्याळ न्यू जर्सीचं झालं होतं. तिथले पहाटेचे चार म्हणजे इथले दुपारचे दीड. विमान मुंबईत पहाटे पाचला उतरलं. भाचा रात्रभर गाडी चालवत कोल्हापूरहून न्यायला आला होता. आपल्याकडं ही पद्धतच आहे. पाहुण्याला आणायला माणूस रात्रभर जागत जातो आणि तसाच माघारी निघतो, त्यात आपलेपणाही असतो. साडेसातला निघालो. मला ताजंतवानं वाटत होतं. वाटणारच, माझ्या पोटात रात्रीचे दहा वाजले होते आणि घरी जायचा आनंद होता. साताऱ्याला जेवलो तेव्हा भाच्याचे डोळे लाल झालेले दिसले.

‘मामा, जरा वीस मिनिटं पडू का? मग निघूया.’

‘तू पड की शेजारी. मी चालवतो. मला कुठं झोप येतीया?’

‘नको वो मामा, तुमी दमून आलाय.’

‘एकतीस वर्षं रात्रपाळी केलीया रं. दे किल्ली.’

किल्ली घेतली तेव्हा सव्वा वाजला होता. म्हणजे भरल्या पोटी, विमानात जेमतेम दोन तास झोपलेला माणूस आपल्या तळाला बरोबर पंधरा मिनिटं असताना स्टेअरिंगवर बसला. हाच कागद मी विमानात बसून लिहिला असता तर किल्लीला हात लावला नसता. म्हणून सांगतो, ‘मला झोप येत नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्याच्याही नाही आणि आपल्याही नाही. कागदावर ठेवा.

रंकाळ्यावरची चूक

अपघातानंतर मी शहाणा झालो असं वाटेल. नाही झालो. रात्री झोप लागेना, तीनला उठून बसायचो. मग सहा वाजता रंकाळा. ‘सकाळचं ऊन घ्या, सगळं ठीक होतं,’ असं शेजारीपाजारी सांगत होते, म्हणून नऊ-दहापर्यंत तिथंच उन्हाकडं तोंड करून बसायचो. पाच दिवस गेले, झोप जागच्या जागी. घरी दिवाळीची धांदल आणि मी दुपारी दोनला भिंतीला टेकून घोरतोय.

डॉक्टरांनी पाकिटावर रेघ मारली तेव्हा कळलं, की मी रोज स्वतःच्या घड्याळाला उलटा धक्का देत होतो. नियम असा आहे. आपल्या तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर जोराचा उजेड पडला, तर घड्याळ मागं सरकतं. तळानंतरच्या काही तासांत पडला, तर पुढं सरकतं. माझा तळ दुपारी दीडला. मला घड्याळ पुढं न्यायचं होतं, म्हणजे ऊन हवं होतं ते दोननंतरचं. मी घेत होतो सकाळचं. औषध बरोबर होतं, वेळ चुकलेली होती.

म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून परतणाऱ्यांसाठी माझा ठोकताळा असा. पहिले दोन-तीन दिवस सकाळी घरातच राहा, पडदे ओढा, बाहेर जावंच लागलं तर काळा गॉगल लावा. दुपारी दोन ते पाच मात्र गच्चीवर, अंगणात, रस्त्यावर, कुठंही पण उघड्यावर. दुसऱ्या दिवसापासून ही वेळ रोज तासाभरानं अलीकडं आणा. चौथ्या दिवशी अकराच्या आसपास, आठवडा उलटला की सकाळी सात. तेव्हा खुशाल रंकाळ्यावर जा, ते ऊन तेव्हा तुमचं.

जाताना याच्या उलट. इथले पहाटेचे चार म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा. जाताना घड्याळ मागं न्यायचं असतं, म्हणून पहिल्या दोन दिवसांत दुपारी बारा ते सहा बाहेर फिरा, नेमकी जेव्हा झोप अनावर होते तेव्हाच. साडेसहानंतर दिवे मंद ठेवा. मग रोज ही मर्यादा तास-दीड तासानं पुढं सरकवा. मी त्या वेळी घरात सोफ्यावर होतो, म्हणून दूध करपलं.

घरातली ट्यूबलाइट या कामाला पुरत नाही. घरातला उजेड शे-दोनशे लक्सचा असतो. पावसाळी ढगाळ आभाळाखालीही हजारो लक्स मिळतात, आणि भर उन्हात लाखापर्यंत. खिडकीशी बसण्यापेक्षा उंबरा ओलांडणं बरं.

एक खबरदारी. फरक इतका मोठा असला, की काहींचं घड्याळ उलट्या बाजूनं फिरत फिरत जागेवर येतं. कॅलिफोर्नियाचा फरक तर उन्हाळी वेळेप्रमाणं साडेबारा तासांचा, तिथं दोन्ही वाटा जवळपास सारख्याच लांब. चार-पाच दिवस नेमानं करूनही सुधारणा नसेल, तर हट्ट सोडा आणि डॉक्टरांना विचारा.

निघण्याआधी आणि विमानात

बॅगा तीन दिवस आधी बांधून पूर्ण करा. शेवटच्या दोन रात्री घरच्या अंथरुणावर नीट झोपा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात कमी केला जाणारा. अमेरिकेला जाताना जमलं तर आधीचे तीन-चार दिवस रोज अर्धा-पाऊण तास उशिरा झोपा आणि उशिरा उठा. परत येताना उलट करा.

विमानात बसलं की घड्याळ पोचायच्या गावाचं लावा आणि तिथं रात्र असेल तेव्हाच झोपायचा प्रयत्न करा. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, अंगावर घरची मऊ शाल. जेवण आलं म्हणून उठायलाच हवं असं नाही, ‘उठवू नका’ असं आधी सांगून ठेवता येतं. विमानातल्या हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागी आपण पंधरा तास बसतो, तेही अतिशय कोरड्या हवेत. म्हणून पाणी थोडं थोडं पीत राहा, दर दोन तासांनी उठून चार पावलं टाका, बसल्या जागी पायांचे घोटे फिरवा. ज्यांना दारूची सवय आहे त्यांनी ‘घोटभर घेतली की झोप लागते’ या भ्रमात राहू नये. ती लवकर लागते आणि लवकर मोडते.

चहाचं सांगतो, कारण तो माझा वीक पॉइंट आहे. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा अंमल पाचेक तासांनीही अंगात राहतो. तेव्हा पोचायच्या गावच्या दुपारी दोननंतर चहा बंद. जड आहे, पण जमतं.

दुपारची डुलकी घ्यायचीच तर गजर लावून, वीस-पंचवीस मिनिटं, आणि तीनच्या आत. गजराशिवाय टेकलात, की उठाल थेट रात्री आठला.

गोळ्यांचं वेळापत्रक

हिला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. पश्चिमेकडं जाताना दिवस लांबतो आणि इंजेक्शनांमधलं अंतर वाढतं. परत येताना दिवस आखडतो आणि दोन डोस जवळ येतात. साखर एकदम खाली जाण्याची भीती तेव्हा असते. यात अंदाज चालत नाही. जाण्याआधी डॉक्टरांकडून दोन्ही प्रवासांचं वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. रक्तदाब, थायरॉईड, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील तर त्यांचंही. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर पंचाईत वेगळीच.

मेलॅटोनिनबद्दल सगळे विचारतात. अंधार पडला की आपला मेंदूच हे द्रव्य तयार करतो. कोक्रेनच्या २००२ च्या आढाव्यात अर्धा ते पाच मिलिग्रॅमची मात्रा, पोचलेल्या गावच्या झोपायच्या वेळी घेतली, तर गुण येतो असं दिसलं, विशेषतः पूर्वेकडच्या प्रवासात. पण त्याच आढाव्यात फिट येणाऱ्यांना आणि वॉर्फरिनसारखी गोळी घेणाऱ्यांना सावध केलं आहे. अमेरिकेत ते दुकानात गोळ्या-बिस्किटांसारखं मिळतं, म्हणून लेकीनं दिलं आणि आपण खाल्लं असं करू नका. चुकीच्या वेळी घेतलं तर तेही सकाळच्या उन्हासारखं उलटा धक्का देतं.

मुंबई ते कोल्हापूर: खरा धोका

आपल्याकडच्या माणसाचा प्रवास मुंबईत संपत नाही, पुढं पावणेचारशे किलोमीटर उरतात. विमानातल्या पंधरा तासांची काळजी सगळे घेतात, या आठ तासांची कुणी घेत नाही. माझा सल्ला कडक आहे. परदेशाहून आलेल्यानं पहिले चार-पाच दिवस स्टेअरिंग आणि दुचाकीचं हँडल हातात घ्यायचं नाही. घ्यायला येणारा रात्रभर जागून आलेला नसावा. आदल्या दिवशी येऊन झोपलेला असावा, नाहीतर दोन चालक असावेत. सगळ्यात उत्तम म्हणजे दिवसभर मुंबईत कुणा नातेवाइकाकडं राहायचं आणि रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची. बर्थवर झोप लागेल न लागेल, गाडी चालवणारा आपण नसतो.

घरच्यांनाही चार शब्द. आल्या आल्या तांबडा-पांढरा रस्सा करून अख्ख्या भावकीला बोलवू नका. अमेरिकेहून आलेल्याच्या पोटात रात्रीच्या जेवणाला सकाळचे साडेदहा-अकरा वाजलेले असतात, मटण उतरत नाही आणि नाही म्हणवत नाही. भेटायला येणाऱ्यांना चौथ्या दिवसानंतरची वेळ द्या. त्या दिवसांत बँकेचे, जमिनीचे कागद सहीला पुढं करू नका. शेगडीवर काही ठेवलं असेल तर त्याला राखणीला बसवू नका, हे तर मी काळ्या पातेल्याच्या साक्षीनं सांगतो.

नऊ नोव्हेंबर

पाकीट मिळाल्यावर मी शिस्तीनं दुपारचं ऊन घ्यायला लागलो. त्यातच अंबाबाईचा किरणोत्सव आला. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गाभाऱ्यापर्यंत पोचतात, आणि दिवसागणिक चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. पुन्हा जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तसंच. लहानपणापासून बघत आलोय. वाटेत एखादी इमारत उंच झाली, आभाळात ढग आला, की किरण पोचत नाहीत आणि गर्दी हळहळत परतते. त्या वर्षी गर्दीत उभा असताना पहिल्यांदाच मनात आलं, की देवळाच्या बांधणाऱ्यांनी उजेड कुठून आणि कधी यायला हवा याचा किती बारीक हिशेब केला असेल. मी माझ्या दोन डोळ्यांचा करत नव्हतो. त्या रात्री साडेदहाला मला जांभई आली. तीन आठवड्यांपूर्वी साधी वाटली असती अशी जांभई, पण मी हिला उठवून सांगितलं.

ते मनगटी घड्याळ मी पुन्हा कोल्हापूरच्या वेळेवर लावलं नाही. ते देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असतं, नातवाच्या वेळेवर. फोन करायच्या आधी त्यात बघायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं वेळ एक तास मागं जाते, तेव्हा मी काटे फिरवतो. मार्चमध्ये पुन्हा पुढं करतो.

या फेब्रुवारीत धाकटा भाचा जर्मनीहून आला. रात्री दीडला मुंबईत उतरला आणि लगेच फोन. मित्राची गाडी मिळालीय, मी चालवतच येतो, सकाळी नाश्त्याला घरी. मी काही बोलायच्या आत हिनं फोन घेतला, बोटांवर साडेचार तास मोजले आणि विचारलं, ‘तू तिथं उठतोस कितीला? सहाला? मग तुझं चार आपल्या साडेआठला. तवा तू कुठं असशील? साताऱ्याच्या पुढं?’ पलीकडून काहीतरी बडबड झाली, मला झोप येत नाही वगैरे.

‘ती तुझ्या मामालाबी येत नव्हती,’ ही म्हणाली. मनगटावरचा तो पांढरा वण तिनं नकळत चोळला. ‘गाडी मित्राला दे. मुंबईतच झोप. मागच्या गाडीनं ये.’